नखशिखांत बॅले: पोशाखावरून एकोणिसाव्या शतकातल्या चित्राचं दशक कसं ओळखावं

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी पत्र्याच्या ट्रंकेवर ती फ्रेम टेकवून ठेवलेली होती. पोटरीपर्यंत उतरलेला पांढराशुभ्र झगा, पाठीला इवलेसे पंख, डोक्यावर फुलांचं कडं, हात छातीशी दुमडलेले. "ताई, दोनशे वर्षांचा माल आहे, विलायतेतला," विकणारा म्हणाला. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी निळ्या शाईत 'ताग्लिओनी, १८३२' असं, म्हणजे त्या काळातल्या एका गाजलेल्या बॅले नर्तकीचं नाव आणि साल, लिहून ठेवलं होतं. हौशी नाटकांचे कपडे शिवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली आहेत, तरी तिथे उभ्या उभ्या मलाही ते खरं वाटलं. चारशे रुपये मोजले आणि फ्रेम घेऊन आले.

त्या चित्राचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी ते कसं तपासलं ते. हीच पद्धत तुम्हाला संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच्या, लिलावातल्या किंवा कुणाच्या माळ्यावर सापडलेल्या बॅलेच्या कुठल्याही जुन्या चित्राला लावता येईल.

एखाद्याला नीट न्याहाळण्याला आपण 'नखशिखांत' बघणं म्हणतो. आधी नख, मग शिखा. बॅलेच्या चित्रांना हाच क्रम बरोबर लागू पडतो. बहुतेकांची नजर आधी झग्यावर जाते आणि तिथेच फसते, कारण लांब पांढरा झगा एकदा रंगमंचावर आला तो पुन्हा पुन्हा येतच राहिला. बूट, बाह्या आणि केस मात्र सहसा आपल्या काळाला सोडत नाहीत.

आधी कागद, मग बाई

नर्तकीकडे वळण्यापूर्वी चित्र कशानं उमटलंय ते बघा. कापडाचे व्यापारी सूत मोजायला वापरतात तसलं घडीचं, दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

भिंगाखाली खडूने ओढल्यासारखा बारीक, अनियमित दाणा दिसला तर ते शिळाछापाचं चित्र, म्हणजे लिथोग्राफ. १८३० आणि १८४० च्या दशकांतल्या नर्तकींची बहुतेक प्रसिद्ध चित्रं याच तंत्राने छापलेली आहेत. यातले रंग बहुधा छापून झाल्यावर ब्रशने हाताने भरलेले असतात. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत कमरेची फीत एकीकडे निळी आणि दुसरीकडे गुलाबी सापडते. लिथोग्राफवरून पोशाखाचा आकार जरूर ठरवा, रंग ठरवू नका.

पिवळसर तपकिरी झाक असलेला, पातळ कागदावर उमटून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो असेल तर पुठ्ठा मोजा. साधारण अडीच बाय चार इंचांचा असेल तर ते 'कार्त द व्हिझित'. पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने त्याचं पेटंट १८५४ मध्ये घेतलं आणि १८६० च्या दशकात ऑपेराच्या नर्तकींची अशी चित्रं लोक अल्बममध्ये जमवू लागले. साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा मोठा पुठ्ठा असेल तर ते 'कॅबिनेट कार्ड', म्हणजे १८६६ नंतरचं.

आणि भिंगाखाली वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ती छपाई शतकाच्या अगदी शेवटची किंवा त्यानंतरची. मूळ चित्र जुनं असू शकतं, तुमच्या हातातली प्रत नाही.

त्या काळातल्या ओल्या काचेवरच्या फोटोंची एक खोड लक्षात ठेवा. त्या रसायनाला निळा रंग पांढरट दिसायचा आणि लाल रंग जवळजवळ काळा. म्हणजे फोटोत काळीकुट्ट दिसणारी कमरेची फीत प्रत्यक्षात लालभडक असू शकते आणि 'पांढरा' वाटणारा झगा फिकट आकाशी. नुसत्या फोटोवरून रंग छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून जरा सावध राहा.

पाऊल: सगळ्यात बोलका पुरावा

आता पायाकडे. चित्रातली नर्तकी बोटांच्या टोकावर उभी आहे का, आणि असेल तर तिच्या बुटाचं टोक कसं आहे?

मारी ताग्लिओनी ही काही बोटांवर उभी राहणारी पहिली नर्तकी नव्हती. पण कसरत वाटणाऱ्या त्या प्रकाराचं तिने काव्य केलं. तिचे जे बूट आज संग्रहालयांत आहेत ते बघून शिवणाऱ्या माणसाला धक्काच बसतो. मऊ सॅटीनची पिशवी म्हणावी असा बूट, खाली चामड्याचा पातळ तळवा, घोट्याला बांधायच्या फिती. आत लाकूड नाही, पुठ्ठा नाही. आधार कशाचा, तर टोकाला आणि दोन्ही कडांना दाट घातलेल्या रफूचा. पैठणीला कसर लागली की रफूगार धाग्याला धागा लावून जसं भोक बुजवतो, तसे टाके इथे न फाटलेल्या सॅटीनवर घातलेले असतात. त्याने कापड थोडं कडक होतं आणि बूट जमिनीवर घसरत नाही. बाकी सारा भार तिच्या घोट्यांवर आणि पावलांवर. अशा बुटात टोकावर क्षणभर तरंगता येतं, तिथे मुक्काम करता येत नाही.

१८४२ मध्ये ताग्लिओनीने सेंट पीटर्सबर्ग सोडलं तेव्हा तिच्या चाहत्यांनी तिचे बूट लिलावात विकत घेऊन, शिजवून, सॉस घालून खाल्ले असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण तेवढ्या मऊ बुटाचंच कालवण होऊ शकतं, आजच्या बुटाला दात लागणार नाहीत.

ओळखायची खूण अशी: १८३० ते १८६० च्या दशकांत बुटाचं टोक निमुळतं, बोटांच्या आकाराचं असतं. फोटोत चवड्यावर सॅटीनला सुरकुत्या पडलेल्या दिसतात. लिथोग्राफमध्ये चित्रकार ते टोक पेन्सिलीच्या अणीइतकं बारीक करतात आणि बाईला फुलावर उभी करतात. त्याकडे काणाडोळा करावा.

१८८० नंतर इटालियन नर्तकी युरोपभर पसरल्या. त्यांच्या बुटांच्या टोकाला कापडाचे थर सरसाने चिकटवून कडक कवच केलेलं असायचं. मिलानच्या निकोलिनी नावाच्या कारागिराचे बूट तर रशियातल्या नर्तकीही मागवायच्या. १८९३ मध्ये पिएरिना लेन्यानीने सेंट पीटर्सबर्गला 'सिंड्रेला'त एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या, त्यात तिच्या मेहनतीइतकाच या कवचाचाही वाटा आहे. तेव्हा बुटाचं टोक बोथट, भरीव दिसलं तर निदान १८८० पर्यंत पुढे सरका. टोक रुंद, चपटं, रुपयाच्या नाण्यासारखं बसलेलं असेल तर विसावं शतक.

घेर: लांबी, कापड आणि गॅसचे दिवे

शतक सुरू होताना नर्तकीच्या अंगावर ग्रीक पुतळ्यासारखा अंगरखा आहे. कंबर छातीच्या लगेच खाली, मलमल अंगाला चिकटलेली, पायात टाच नसलेल्या सपाता, आत अंगाच्या रंगाची तंग विजार. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरची ही फॅशन साधारण १८२० पर्यंत टिकली. अशी चित्रं ओळखायला फार कष्ट पडत नाहीत, म्हणून पुढे जाते.

खरी गंमत गॅसच्या दिव्यांनी झाली. पॅरिस ऑपेराच्या ल पेलतिए रस्त्यावरच्या थिएटरात १८२२ मध्ये अल्लादीनच्या दिव्याच्या ऑपेरासाठी पहिल्यांदा गॅस वापरला गेला. तेलाच्या दिव्यांपेक्षा गॅस सहज कमी-जास्त करता यायचा, म्हणजे रंगमंचावर चांदणं पाडता यायचं. नोव्हेंबर १८३१ मध्ये मायरबेअरच्या 'रोबेर ल दियाब्ल' या ऑपेरात पडक्या मठाच्या आवारात मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून नाचल्या. त्यांची प्रमुख ताग्लिओनी, नृत्य तिच्या वडिलांनी, फिलिपो ताग्लिओनींनी बसवलेलं. निळसर अंधारात पांढऱ्या आकृत्या काय दिसतात हे तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं. चारच महिन्यांनी, १२ मार्च १८३२ ला, 'ला सिल्फीद', म्हणजे हवेत वावरणारी परी, हे बॅले रंगमंचावर आलं. वेशभूषा युजेन लामीची.

तो पोशाख शिंप्याच्या नजरेने बघा. खांदे उघडे, चोळी अंगाबरोबर घट्ट, कंबर नैसर्गिक जागी, खाली घंटेसारखा घेर, लांबी पोटरीच्या मध्यापासून घोट्याच्या जरा वरपर्यंत. वर पातळ जाळीदार कापड, त्याखाली खळ दिलेल्या कापडाचे थर. खरं काम हे थर करतात. नर्तकी उडी घेते, थरांमध्ये हवा शिरते, पाय जमिनीला लागतात आणि वरचा थर अजून खाली येतच असतो. बघणाऱ्याला वाटतं, बाईच उशिरा उतरली. लांबीही विचार करून ठेवलेली आहे. पावलं दिसली पाहिजेत, कारण सगळी नवलाई पावलांत आहे. गुडघे झाकले पाहिजेत, कारण उडीसाठी वाकलेला गुडघा दिसला की भूत संपलं आणि मेहनत दिसू लागली.

हे थर ज्या कापडाचे, त्याचं नाव टार्लटन: विरळ विणीचं, खळ देऊन कडक केलेलं सुती कापड. ते कसं वागतं हे कळायला घरी एक प्रयोग करून बघा. मेडिकलच्या दुकानातून बँडेजच्या गॉजची गुंडाळी आणा. भाताच्या पातळ पेजेत बुडवा, पिळू नका, ताटावर ताणून वाळवा आणि जरा दमट असतानाच इस्त्री फिरवा. आता एका कडेला धावदोरा घालून दाट चुण्या ओढा. मऊ, लुळं गॉज एकदम ताठ उभं राहतं. असे तीन-चार थर एकावर एक धरून हलवलेत की कागदासारखी सळसळही ऐकू येईल. मग ते एका खुर्चीवर ठेवा आणि त्यावर एकदा बसा. उठल्यावर जे दिसेल, तेच ऑपेरातल्या प्रत्येक नर्तकीचं दुखणं होतं. मी हा प्रयोग जुलैत केला आणि संध्याकाळपर्यंत पुण्याच्या पावसाळी हवेनेच सगळे थर खाली बसवले.

टार्लटनच्या जोडीला यंत्रावरची नेट होतीच. इंग्लंडमध्ये हीथकोटने १८०८-०९ मध्ये जाळी विणायच्या यंत्राची पेटंटं घेतली, त्यानंतर ट्यूलची जाळी वाराने मिळू लागली. ती नसती तर नाचणाऱ्या पूर्ण ताफ्याला एकसारखं पांढरं नेसवणं कुठल्या थिएटरला परवडलं असतं, मला शंका आहे. 'जिझेल' या बॅलेमधल्या, २८ जून १८४१ ला पॅरिसमध्ये पहिल्यांदा अवतरलेल्या विली या भुतांचा थवाही याच कापडांच्या जिवावर उडतो.

आता लांबीचा ढोबळ हिशेब. १८३० आणि १८४० चं दशक: पोटरीचा मध्य ते घोट्याच्या वर, घंटेचा आकार. १८५० नंतर रस्त्यावरच्या बायका लोखंडी पिंजऱ्यावर घागरे फुगवू लागल्या. नाचताना तो पिंजरा चालणार नव्हता, पण थर वाढवून रंगमंचावरचा घेरही रुंद झाला आणि लांबी वर सरकली. १८६० च्या दशकात ती गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबते. १८७० च्या दशकात, देगा या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांत दिसते तशी, गुडघ्याजवळ. १८८० च्या दशकात इटालियन नर्तकींनी ती आणखी वर नेली. १८८५ मध्ये व्हर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गच्या शाही रंगमंचावर आली ती आखूड स्कर्टचा हट्ट धरूनच, आणि तिथल्या लांब स्कर्टच्या रिवाजाशी तिचं वाजलं. यात नुसता दिखाऊपणा नव्हता. कडक बुटावरच्या गिरक्या आणि झटपट पदन्यास लांब घेरात दिसतच नाहीत. ज्याचे पैसे प्रेक्षक मोजतोय ते झाकायचं कशाला?

तरीही १८९० च्या फोटोंतला स्कर्ट आजच्यासारखा आडवा, ताटलीसारखा नाही. तो मऊ आहे, दिव्याच्या शेडसारखा खाली उतरतो. आत तारेचं कडं घातलेली सपाट ताटली दिसली की एकोणिसावं शतक विसरा.

'तुतू' हा शब्दही १८८० च्या आसपासचा. फ्रेंच बालबोलीत लहान मुलांच्या ढुंगणाला म्हणतात त्या शब्दावरून तो आला असं मानतात. म्हणजे ताग्लिओनीने आयुष्यभर जो नेसला त्याला तिच्या ऐन उमेदीत कुणी तुतू म्हणत नव्हतं.

आग

चित्र ओळखायला हा भाग थोडाच उपयोगी आहे, पण तो वगळून या कपड्यांबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

विरळ सुती कापड, त्यात खेळती हवा आणि दोन हातांवर उघडी गॅसची ज्योत. चूल पेटवायला याहून चांगली मांडणी नाही. डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टरचा पोशाख प्रयोग चालू असताना पेटला आणि ती दगावली. १८६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका थिएटरात एकीच्या पेटलेल्या कपड्यावरून आग दुसरीकडे गेली आणि अनेक नर्तकी भाजून मेल्या.

उपाय ठाऊक नव्हता असंही नाही. १८२१ मध्येच गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञाने थिएटरातल्या कापडांसाठी अमोनियम फॉस्फेटसारखे क्षार सुचवले होते. पॅरिसमध्ये कार्तरों नावाच्या माणसाची प्रक्रिया होती; कापड क्षारांच्या द्रावणात बुडवून काढायचं. १८५९ मध्ये ती थिएटरांना सक्तीची करणारा हुकूमही निघाला. पण त्या द्रावणातून निघालेलं कापड जड, ताठर आणि मळकट पिवळं दिसायचं. एमा लिव्री ही ताग्लिओनीची लाडकी शिष्या. १८६० मध्ये ताग्लिओनीने फक्त तिच्यासाठी 'ल पापियों', म्हणजे फुलपाखरू, हे बॅले बसवलं होतं. तिने हे कापड घालायला नकार दिला आणि तसं लेखी कळवलं.

१५ नोव्हेंबर १८६२. 'ला म्युएत द पोर्तिची' या ऑपेराची रंगीत तालीम. विंगेत आपली वेळ येईपर्यंत बसायचं म्हणून एमाने थर चुरगळू नयेत यासाठी ते वर उचलले. त्याने हवा हलली, जवळच्या ज्योतीने पेट घेतला. आठ महिने ती झुंजली आणि २६ जुलै १८६३ ला गेली. तेव्हा ती विशीत होती. तिच्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपलेले आहेत. गॉजवर बसायचा तो प्रयोग केलात तर तिने थर का उचलले हे वेगळं सांगावं लागणार नाही.

चोळी, बाह्या, केस

पायापासून वर आलात की शिंप्याचा एक नियम कामाला येतो. नर्तकी परी असो, शेतकरीण असो की राजकन्या, तिची चोळी आपल्या काळाच्या फॅशनने बेतलेली असते आणि केस आपल्या काळाच्या आरशासमोर विंचरलेले असतात. आपल्याकडच्या जुन्या पौराणिक सिनेमांतल्या सीता-द्रौपदींच्या भुवया बघा, दशक कळतंच ना? तसंच.

केसांचा मधोमध भांग, ते चापूनचोपून कानांवरून मागे नेलेले, त्यावर फुलांचं कडं आणि गळ्यात-मनगटात मोती असतील तर १८३०-४०. हा थाट ताग्लिओनीचा, तो तेव्हा रस्त्यावरच्या बायकांनीही उचलला. बाह्या खांद्यापाशी फुगीर आणि खांद्यावरून घसरलेल्या असतील तर १८३० च्या दशकाकडे झुका. चोळी लांब होऊन पोटावर टोकदार त्रिकोणात संपत असेल तर १८४० च्या दशकाकडे. जुलै १८४५ मध्ये लंडनला ताग्लिओनी, ग्रिसी, चेरितो आणि ग्रान या चौघी एकत्र नाचल्या. शालोंने काढलेलं त्यांचं चित्र हा या काळाचा मासला म्हणून समोर ठेवावा.

१८७०-८० च्या दशकांत चोळी चिलखतासारखी कमरेखाली उतरते आणि पार्श्वभागावर फुगवटा येतो, कारण रस्त्यावर त्याचंच राज्य होतं. कपाळावर कुरळ्या बटांची झालर दिसली की १८८०-९०. या झालरीने मला सर्वांत जास्त वेळा तारलं आहे. परीकथेतली शंभर वर्षं झोपलेली राजकन्या असो, झालर तीच. १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या 'स्लीपिंग ब्यूटी'चे कपडे शाही थिएटरांचे संचालक व्सेवोलोझ्स्की यांनी स्वतः रेखाटले होते. जुन्या राजेशाहीचे कोट, विग, झालरी सगळं हौसेने केलेलं. पण प्रमुख नर्तकीला शेवटी आपल्या काळाचा आखूड स्कर्टच हवा.

त्या काळच्या रशियन फोटोंत गळ्यातले दागिने हिऱ्यामोत्यांचे वाटले तर ते खरे असू शकतात. क्शेसिन्स्काया ही तिथली प्रमुख नर्तकी आपले स्वतःचे दागिने घालून रंगमंचावर उतरायची.

भूमिका कोणती?

सगळ्याच काही पऱ्या नव्हत्या. फॅनी एल्स्लरने १८३६ मध्ये 'ल दियाब्ल ब्वातो' या बॅलेत 'काचुचा' हा स्पॅनिश नाच केला. गुलाबी सॅटीन, त्यावर काळ्या लेसच्या झालरी, हातात चिपळ्यांसारखी वाजणारी कॅस्टनेट्स. त्या वेषातलं तिचं चित्र इतकं गाजलं की गुलाबी-काळ्या झग्यातली कुणीही दिसली की लोक 'एल्स्लर' म्हणून मोकळे होतात. चेहरा आणि खालची मूळ छपाईची ओळ बघितल्याशिवाय म्हणू नका.

'भारतीय' पोशाखाबाबत आपण जास्त सावध असायला हवं. मंदिरात नाचणाऱ्या बाईला युरोपने 'बायादेर' म्हटलं. हा शब्द पोर्तुगीज 'बायलादेयरा'वरून फ्रेंचमध्ये गेला, आणि गोव्याच्या देवळांतल्या कलावंतिणींनाही पोर्तुगीज तेच म्हणत. ताग्लिओनीने १८३० मध्ये 'ल दिय ए ला बायादेर'मध्ये अशी भूमिका केली. आठ वर्षांनी, १८३८ मध्ये, पाँडिचेरीजवळच्या खऱ्या देवदासी पॅरिसमध्ये येऊन नाचल्या. त्यांच्यातल्या अम्मणीची छोटी मूर्ती बार या शिल्पकाराने घडवली. याच बारने ताग्लिओनी आणि एल्स्लरच्याही मूर्ती केल्या होत्या. म्हणजे दोन्ही परंपरांचे पोशाख एकाच हाताने टिपलेले आपल्याला मिळतात, आणि ते शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पण खरी देवदासी बघूनही बॅलेने आपली चोळी आणि घंटेचा घेर सोडला नाही. १८७७ मध्ये पेतिपा या नृत्यदिग्दर्शकाने सेंट पीटर्सबर्गला 'ला बायादेर' बसवलं, तेव्हाही वर भारतीय म्हणावेत असे दागिने आणि खाली बॅलेचाच स्कर्ट. असल्या चित्राचं दशक ठरवताना दागिन्यांकडे बघू नका, स्कर्ट आणि केस बघा.

पुरुषांबद्दल दोन ओळी पुरे. पॅरिसमध्ये शतकाच्या मध्यानंतर पुरुष नर्तक इतके मागे पडले की १८७० च्या 'कोपेलिया'त फ्रांझ हा नायक यूजेनी फियोक्र या नर्तकीनेच केला. बालगंधर्वांच्या मुलखात याचं नवल वाटायला नको, फक्त दिशा उलटी. तंग विजार, आखूड जाकीट आणि तरीही कंबर बारीक, छाती भरलेली असा 'पुरुष' दिसला तर चित्र पॅरिसचं असण्याची शक्यता बरीच. कोपनहेगन आणि सेंट पीटर्सबर्गला मात्र पुरुष टिकून होते.

नेहमीच्या चार ठेचा

देगाच्या नर्तकींचे बरेचसे कपडे तालमीचे आहेत. पांढरा स्कर्ट, रंगीत कमरफीत, गळ्यात काळी मखमली पट्टी हा तालीमखान्यातला थाट. त्यावरून एखाद्या बॅलेच्या पोशाखाचा निष्कर्ष काढू नका.

त्याची चौदा वर्षांच्या नर्तकीची मूर्ती १८८१ मध्ये मेणाची होती आणि तिला खरा स्कर्ट होता. ब्राँझच्या प्रती देगा गेल्यानंतर ओतल्या गेल्या आणि त्यांचे स्कर्ट संग्रहालयागणिक वेगळ्या लांबीचे आहेत. त्यांवरून लांबी मोजणं म्हणजे गणपतीच्या मखरावरून देवळाचं वय काढणं.

लिथोग्राफ खुशामत करतात, व्यंगचित्रं करत नाहीत. कोलकात्यात जन्मलेल्या थॅकरे या इंग्रज लेखकाने १८३६ मध्ये टोपणनावाने 'फ्लोर ए झेफीर' या बॅलेची टर उडवणारी चित्रं छापली. सुंदर चित्राशेजारी असलं एखादं ठेवून बघा. चुरगळलेला घेर आणि माणसांचे गुडघे तिथे सापडतात.

आणि चौथी ठेच मीच खाल्ली. १९०९ मध्ये फोकिन या रशियन नृत्यदिग्दर्शकाने पॅरिसला 'ले सिल्फीद' हे वेगळंच बॅले दाखवलं, शोपँच्या संगीतावर. त्यात त्याने मुद्दाम ताग्लिओनीचा लांब पांढरा झगा, पंख आणि फुलांचं कडं परत आणलं. तेव्हापासून जगभरातल्या नर्तकींनी त्या वेषात फोटो काढून घेतले आहेत.

माझ्या फ्रेममधल्या चित्रात भिंगाखाली ठिपके दिसले, ओळीने. तरी मी स्वतःला समजावलं की ही जुन्या चित्राची नवी छपाई असेल. केसांचा भांगही मधोमध, कानांवरून नेलेला, अगदी १८३२ सारखा. मग पायाकडे गेले. उजवा पाय टोकावर, आणि ते टोक चांगलं रुंद, चपटं, त्यावर ती आरामात उभी, जणू बसची वाट बघतेय. १८३२ च्या मऊ बुटात असं उभं राहायला ताग्लिओनीलाही जमलं नसतं. विसाव्या शतकातलं कुठलंतरी पोस्टकार्ड मोठं करून छापलेलं, एवढंच.

पुढच्या रविवारी मी त्या माणसाला हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, फ्रेम सागवानी आहे, ते बघितलंत का?" ते मात्र खरं होतं.